पाचवीला पुजलेलं

तुम्ही पाच दिवसांचे आहात. डोळे उघडतात, पण नजर कशावर ठरत नाही. खोलीत ओव्याच्या नि बाळंतशोपांच्या धुरीचा वास कोंडलाय, बाजेखाली शेगडीतले निखारे राखेत झाकलेत, आईच्या कानांवरून घट्ट फडकं बांधलंय. भिंतीशी पाटा-वरवंटा मांडून त्याला हळदीकुंकू वाहिलंय. शेजारी विळा. विळ्याशेजारी वहीतून फाडलेला एक कोरा कागद आणि त्यावर तुमच्या मामेभावाची पेन्सिल, मागचं टोक चावून चावून चपटं झालेली.

"दिवा जरा अलीकडे घे गं. लिहिताना तिच्या हाताची सावली पडायला नको," आजी म्हणते.

"आत्याबाई, खोडरबर पण ठेवू का?" मामी विचारते. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात.

"ठेव की. पण ते वापरायचं कुणी, तेवढं सांग," आजी म्हणते. ती हसत नाही.

मध्यरात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं सगळं लिहून जाते, असं या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तुम्ही झोपेतच ओठ मुडपून हसता. एक म्हातारी शेजारीण हळूच म्हणते, आली बरं का. सकाळी कागद कोराच असतो. कुणाला त्याचं नवल नाही, कारण लिहायचं ते कपाळावर लिहून झालेलं असतं. आजी कागदाची चौघडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवते. पुढे आयुष्यभर तुमचं काहीही बिनसलं, बस चुकली, नोकरी गेली, की घरातलं कुणीतरी म्हणणारच, हे तर पाचवीलाच पुजलेलं.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. सटवाई लिहून गेली त्याच आठवड्यात आजीनं तुम्हाला दुपट्यात गुंडाळून दोन कोस लांबच्या दवाखान्यात नेलं आणि क्षयाची लस टोचून आणली. एवढं पक्कं लिहून झालेलं असताना हिला ही धावपळ कशाला हवी होती?

तर ट्रंकेतली ती चौघडी खिशात घाला आणि निघू. माणसाची इच्छा त्याची स्वतःची, की वरून कुणी दोरी हलवतंय, हा प्रश्न सगळ्या धर्मांनी चघळला आहे. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. पण वाटेत एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: वरच्याचं नाव कोण घेतोय, आणि काम करण्याआधी घेतोय की केल्यावर.

अडीच हजार वर्षं मागे. मगधाची राजधानी राजगृह. कार्तिकातली पौर्णिमा, टेकड्यांच्या कड्याआत दुधासारखं चांदणं साचलेलं. तुमच्या हातात मशाल आहे, तेल कोपरापर्यंत ओघळतंय, आणि तुम्ही एका हत्तिणीच्या पायाशी चालता आहात. मागे हत्तिणींची रांग संपता संपत नाही. पाली ग्रंथ पाचशे म्हणतात. पुढच्या राजहत्तीवर अजातशत्रू बसला आहे.

हा राजा कसा झाला ते गावात सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्यानं बापाला मारलं. बिंबिसाराला कोठडीत कोंडून उपाशी मारल्याची कथा आहे. आज संध्याकाळी गच्चीवर प्रधानांनी एकेका नामांकित आचार्याचं नाव सुचवलं, अशी सहा नावं झाली, राजा प्रत्येकाला गप्प. शेवटी कोपऱ्यात न बोलता बसलेल्या जीवक वैद्याला त्यानं विचारलं, तू का रे गप्प? जीवक म्हणाला, माझ्या आमराईत बुद्ध उतरले आहेत, साडेबाराशे भिक्षूंसह.

आमराई जवळ येते तसा राजा घाबरतो. साडेबाराशे माणसं आणि खोकल्याचा, शिंकेचासुद्धा आवाज नाही? मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना जीवका? बापाला दगा दिलेल्या माणसाला दग्याशिवाय दुसरं सुचणार काय! जीवक पुढे दाखवतो: मंडपात दिवे आहेत महाराज, चला. हत्ती जाईल तिथवर हत्तीवरून आणि पुढे पायी राजा दारापर्यंत जातो. आतली ती निश्चल सभा पाहून त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते मुलाबद्दल. माझ्या उदयभद्राला अशी शांती लाभू दे.

तुम्ही खांबाच्या बाहेर मशाल खाली धरून उभे आहात. सगळं ऐकू येतं. राजाचा प्रश्न साधा आहे, हिशेबी आहे. माहूत, न्हावी, आचारी, कुंभार, हिशेबनीस, सगळे आपापल्या कसबाचं फळ याच जन्मात खातात, मग संन्याशाला असं डोळ्यांना दिसणारं फळ काय? हाच प्रश्न त्यानं आधी त्या सहा जणांना विचारला होता. त्यातल्या मक्खली गोसालाचं उत्तर तो सांगू लागतो, आणि तुम्ही मशाल या हातातून त्या हातात घेता.

गोसाल आजीवकांचा पुढारी. त्याचं म्हणणं असं की, प्राणी मळतो त्याला कारण नाही, शुद्ध होतो त्यालाही कारण नाही. आपलं बळ, आपला उद्योग, पुरुषाचा पराक्रम, असलं काही अस्तित्वातच नाही. नियती जशी वळवील तसे सगळे वळतात. सुताचा गुंडा फेकला तर सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही चौऱ्यांशी लाख महाकल्प फिरणार आणि मग सुटणार. ना आधी, ना नंतर. यात देव कुठे नाही, हे ध्यानात घ्या. दोरी आहे, पण ती धरणारा हात नाही. वरच्या सत्तेचं इतकं कोरडं, इतकं निर्दय रूप मला दुसऱ्या कुठल्या धर्मात दिसलेलं नाही.

आता राजाच्या जागी बसून पाहा. बापाच्या खुनाचं ओझं घेऊन फिरणाऱ्याला याहून चांगलं औषध कोणतं? तू काही केलंच नाहीस, सूत उलगडत होतं. गोसालानं ते फुकटात देऊ केलं होतं. पण राजा म्हणतो, आंब्याचं विचारावं आणि फणसाचं सांगावं तसं झालं. मी त्याला बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही, उठून आलो.

आणि आज, बुद्धांचं लांबलचक बोलणं ऐकून झाल्यावर, तो जे बोलतो त्यासाठीच तुम्हाला इथवर आणलं. तो म्हणतो, माझ्याकडून अपराध घडला, राज्यासाठी मी माझ्या धर्मशील बापाचा जीव घेतला. 'घडला' म्हणतो आणि लगेच 'मी घेतला' म्हणतो. साडेबाराशे लोकांसमोर राजानं असं म्हणायला कुणाची सक्ती नव्हती. सुटकेचा रस्ता देणाऱ्याकडे तो थांबला नाही, जबाबदारी गळ्यात घालणाऱ्याकडे थांबला. बुद्ध कबुली स्वीकारतात. राजा गेल्यावर मात्र भिक्षूंना सांगतात की या माणसाची मुळं खणली गेली आहेत. बापाला मारलं नसतं तर याच आसनावर त्याला धर्माचा डोळा आला असता. म्हणजे केलेलं कर्मही दार बंद करतंच. पण ते बंद करणारा हात त्याचा स्वतःचा होता, नियतीचा नव्हे. ज्या उदयभद्रासाठी त्यानं शांती मागितली, त्याच मुलानं पुढे त्याला मारलं, असं बौद्ध परंपरा सांगते. गोसालाचा गुंडा इथे डोळा मिचकावतो, हे कबूल.

मशाल विझवा. जाता जाता गयेच्या उत्तरेला बराबरच्या टेकड्यांत डोकवा. अशोकानं आपल्या राज्याच्या बाराव्या वर्षी आजीवकांना दिलेल्या लेण्या इथे आहेत. भिंतीला हात लावा. कठीण ग्रॅनाइट, आणि आरशासारखा घासलेला. पुरुषार्थ खोटा म्हणणाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी कोण जाणे किती माणसांनी किती महिने हा दगड घासला असेल.

इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं हिप्पो आपण बाहेरूनच पाहू. तिथला बिशप ऑगस्टीन तरुणपणी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनं लिहीत होता. म्हातारपणी आपल्याच पुस्तकांची उजळणी करताना त्यानं मान्य केलं की मी इच्छेच्या बाजूनं झुंजलो, पण देवाची कृपा जिंकली. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं मानणाऱ्या पेलाजियसचं मत 418 साली कार्थेजच्या धर्मसभेत पाखंड ठरलं. त्या वादाची फुटलेली काच आपल्या पायाला बाराशे वर्षांनी लागणार आहे.

त्याआधी बसरा. साल सातशेच्या आसपास. तुम्ही मशिदीत, खजुराच्या चटईवर, धर्मपंडित हसन बसरींच्या घोळक्यात मागच्या बाजूला बसला आहात. दुकान उघडं टाकून आलात की कुलूप लावून? कुलूप लावून. ते लक्षात ठेवा.

दमास्कसला उमय्या घराण्याचे खलिफा, आणि इराकवर त्यांचा सुभेदार हज्जाज, ज्याच्या नावानं पोरं रडायची थांबतात. माणसं मारली जातात, मालमत्ता जप्त होते, आणि वर सांगितलं जातं की हे सगळं अल्लाच्या 'कदर'नं, त्याच्या ठरवणुकीनं होतंय. मआबद अल-जुहनी नावाचा एक जण एकदा हसनकडे आला. हे राजे मुसलमानांचं रक्त सांडतात, त्यांचा पैसा खातात आणि म्हणतात आमची कामं अल्लाच्या ठरवणुकीनं चालतात. हसन म्हणाले, हे अल्लाचे दुश्मन खोटं बोलतात. अशी हकीकत नोंदलेली आहे. मआबदला पुढे मृत्युदंड झाला. वरच्याची इच्छा आहे की नाही, या प्रश्नाला सिंहासनाचा वास लागला की तो असा जिवावर बेततो.

खलिफा अब्द अल-मलिकनं हसनना पत्र लिहून विचारलं, तुम्ही 'कदर'बद्दल भलतंच बोलता असं ऐकतो, खुलासा करा. हसनच्या नावानं चालत आलेलं उत्तर मोठं आहे, कुराणातल्या आयतांनी भरलेलं. पण त्यातला एक मुद्दा बाजारात बसणाऱ्या माणसाचा आहे: धर्माच्या बाबतीत 'सगळं ठरलेलं आहे' म्हणणारे हेच लोक संसाराच्या बाबतीत तसं म्हणत नाहीत. शेताला पाणी देणं सोडत नाहीत, कळपाला राखण्या ठेवायचं थांबवत नाहीत. तुमचा हात नकळत कमरेच्या किल्लीकडे जातो.

शेजारचा म्हातारा तेवढ्यात एक जुनी आठवण सांगतो. शाममध्ये, म्हणजे सीरियात, प्लेगची साथ होती, खलिफा उमर सैन्यासह वाटेतल्या सर्घपर्यंत पोचले होते. ते तिथून मागे फिरायला निघाले. सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाच्या ठरवणुकीपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाच्या ठरवणुकीपासून अल्लाच्याच ठरवणुकीकडे. दरीची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड. उंट कुठेही चारलेस तरी ठरवणूक अल्लाचीच, पण चारशील कुठे? अबू उबैदा त्याच साथीत वारले. म्हातारा एवढं सांगून गप्प बसतो.

इथे तुमच्या कानाला काही ओळखीचं वाटतंय का? वाटणारच. 'कदर' ज्या धातूतून आला त्याच धातूतून आपली 'तकदीर'. 'नशीब' म्हणजे अरबीत वाटा. 'किस्मत' म्हणजेही वाटणी. आणि आपलं 'भाग्य'? 'भज्' म्हणजे वाटणे, त्यावरून. दोन निराळ्या भाषांना एकच चित्र सुचलं: कुणीतरी परातीतून वाढतंय आणि आपण ताट पुढे केलंय. मराठीनं तर ते सोपं करून 'वाट्याला आलं' म्हटलं. ताटात काय पडावं हे वाढणाऱ्याच्या हाती. ते खावं, टाकावं की शेजाऱ्याला द्यावं, याबद्दल शब्द गप्प आहेत.

आता थंडी. 22 मार्च 1621, हॉलंड, मास आणि वाल या नद्यांच्या संगमावरचा लोव्हेस्टाइनचा किल्ला. तुम्ही पहाऱ्यावरचे शिपाई आहात, बोटं गारठलेली, आणि तुम्हाला पुस्तकांची पेटी उचलायचं काम लागलंय. कैदी ह्यूगो ग्रोशियसची पेटी. पुस्तकं आणि मळके कपडे घेऊन ही पेटी वरचेवर गोरिंखेमला जाते, नवी पुस्तकं घेऊन परत येते. पहिले काही महिने तुम्ही ती उघडून तपासायचात. आता कोण तपासतो!

कैदी कशासाठी? त्या बाराशे वर्षांपूर्वीच्या काचेसाठी. लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस म्हणाला होता की देवाची कृपा माणूस नाकारू शकतो, म्हणजे तारणात माणसाच्या होकाराला काही किंमत आहे. उलट बाजूचे म्हणाले, छे, कोण तरणार हे देवानं जग घडवण्याआधीच निवडून ठेवलंय. त्यात दुसरंच राजकारण मिसळलं: स्पेनशी तह राखायचा की लढायचं, आणि देशात अखेरचा शब्द कुणाचा, ऑरेंजच्या मॉरिसचा की प्रांतांचा? नोव्हेंबर 1618 पासून मे 1619 पर्यंत डोर्ड्रेख्टला धर्मसभा चालली, इंग्लंड-जिनिव्हाहून पाहुणे आले, आणि आर्मिनियसवाद्यांचा पाडाव झाला. त्यांचा पाठीराखा, देशाचा सर्वांत मोठा मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट, याचा 13 मे 1619 रोजी हेगला शिरच्छेद झाला. वय 71. ग्रोशियसला जन्मठेप. दोन वर्षांनी, आज, तुम्ही त्याच्या पेटीचा कोपरा धरून उभे आहात.

"जड आहे हो," तुमचा जोडीदार म्हणतो. "आत आर्मिनियनच बसलाय की काय!"

"आर्मिनियनांची पुस्तकं आहेत, जड असणारच," कैद्याची बायको मारिया म्हणते. आवाज अगदी घरगुती.

तुम्ही हसता. जिना अरुंद आहे, पेटी एकदा भिंतीवर आपटते, आतून काही आवाज येत नाही. पेटीबरोबर मोलकरीण एल्शे जाते. नदी ओलांडून गोरिंखेमला एका घरात ती पेटी उघडेल, ग्रोशियस गवंड्याचे कपडे चढवून हातात गज घेऊन दारातून निघेल आणि अखेर पॅरिस गाठेल. पेटीत हात-पाय न हलवता किती वेळ पडून राहता येतं याचा त्यानं आधी सराव केला होता.

मला या प्रसंगात एकच गोष्ट मोह पाडते. माणसाची इच्छा मोकळी आहे म्हणणाऱ्या पक्षाचा हा विद्वान आयुष्यातल्या सर्वांत मोकळ्या कृतीसाठी ओंडक्यासारखा पडून राहिला. उचलणारे दुसरे, ठरवणारी बायको, वाहणारी नदी. आणि सगळं आधीच ठरलंय म्हणणारे त्याच देशात मरमर राबत होते, कालवे उपसत होते, जहाजं बांधत होते. मताप्रमाणे वागणारी माणसं या खटल्यात मला कुठल्याच बाजूला सापडत नाहीत. चार वर्षांनी, 1625 मध्ये, ग्रोशियसनं युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा ग्रंथ छापला. देव नाही असं क्षणभर धरलं, जे धरणं म्हणजे महापाप, तरी न्यायाचा कायदा उभाच राहील, असं त्यात आहे. पेटीतून सुटलेल्या माणसानंच असं लिहावं, हे मला साजेसं वाटतं.

पेटी खाली ठेवा. आता घरी.

मुंबई, 22 जुलै 1908, बुधवार. हायकोर्टाची ती काळसर दगडी गॉथिक इमारत तेव्हा तीसच वर्षांची आहे. रात्रीचे आठ वाजून गेलेत आणि मधलं न्यायालय अजून उठलेलं नाही. तुम्ही बघ्यांच्या गर्दीत, घामेजलेल्या अंगरख्यांच्या मध्ये चेपून उभे आहात. पुढे आरोपीच्या जागी टिळकांची लाल पगडी.

खोलीत कोण कोण आहे पाहा. न्यायासनावर दिनशा दावर, पारशी. झरथुष्ट्राच्या गाथांत दोन मूळ वृत्तींपैकी एक निवडणं प्रत्येक माणसावर सोपवलेलं आहे. पुढच्या पारशी ग्रंथांत तर असंही आहे की जन्माआधीच आत्म्यांना विचारलं गेलं, दुष्टाशी लढायला पृथ्वीवर जाता का, आणि ते स्वखुशीनं आले. म्हणजे त्यांची पाचवी त्यांनी स्वतःच लिहिली. ज्युरीत नऊ जण, सात गोरे आणि दोन हिंदी. याच महिन्याच्या सुरुवातीला आरोपीच्या जामिनासाठी तिशीतला एक बॅरिस्टर भांडून गेला, मोहम्मद अली जिना. दावरांनी जामीन नाकारला. आणि हेच दावर 1897 च्या खटल्यात टिळकांचे वकील होते. तेव्हा त्यांनी जामीन मागितला होता न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे, आणि मिळवला होता. अकरा वर्षांत पत्ते पिसून पुन्हा वाटले, खेळाडू तेच धर्म, हातातली पानं बदललेली. याला काय म्हणायचं ते म्हणा.

आरोप राजद्रोहाचा, टिळकांच्या केसरीतल्या लेखांवरून आहे. पहिल्या लेखाचं नाव 'देशाचे दुर्दैव', 12 मे चा. मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, त्यावरचा. शीर्षकात 'दैव' आहे खरं, पण लेख दैवावर थांबत नाही. बॉम्ब का पडला, तर नोकरशाहीची जुलमी रीत आणि तिनं लोकांच्या मनात पेटवलेली चीड, असं कारण-कार्य तो मांडतो. वर मथळ्यात दैव, खाली मजकुरात सरकार. मराठी माणसाला हे नवं नाही. आपण 'दुर्दैवानं' म्हणतो तेव्हा पुढच्याच वाक्यात दोषी कोण ते सांगतो. गोऱ्या ज्युरीला हे सगळं इंग्रजी भाषांतरातून पोचायचं होतं. टिळकांचा बराच वेळ त्या भाषांतराशी झुंजण्यातच गेला.

आणि किती वेळ! 15 जुलैपासून आजपर्यंत, वकील न घेता, ते एकूण 21 तास 10 मिनिटं बोलले. कायदा, कोशातले अर्थ, जुने निकाल, वर्तमानपत्रांची कात्रणं. दैव, ईश्वर, प्राक्तन यांच्यावर त्यांनी काही सोडलं नाही. एकेक मुद्दा हातानं विणून मांडला.

सव्वानऊनंतर ज्युरी परत येते. सात विरुद्ध दोन. दोषी. न्यायमूर्ती विचारतात, शिक्षेआधी काही सांगायचं आहे?

आता ते बोलतात. आजूबाजूचा श्वास थांबलेला. ज्युरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. या न्यायासनाहून वरच्या शक्ती माणसांचं भवितव्य चालवतात. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या यातनांनीच माझं कार्य वाढावं, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल. बोललेलं इंग्रजीत आहे, आणि आज ते त्याच खोलीबाहेरच्या पाटीवर कोरलेलं आहे. पाटी 1956 साली मुख्य न्यायाधीश छागलांच्या हस्ते लागली.

लाखो मराठी माणसांना हे वाक्य पाठ आहे, पण त्यातला 'कदाचित' आपण गिळून टाकतो. टिळकांनी तो गिळला नव्हता. ईश्वराची इच्छा आपल्याला ठाऊक आहे असं ते म्हणत नाहीत. आणि ते हे म्हणतात कधी? एकवीस तास दहा मिनिटं संपल्यावर, करण्यासारखं काहीच उरलं नसताना. उमय्यांनी तलवार हातात असतानाच वरच्याचं नाव घेतलं होतं. फरक तुम्ही बसऱ्यातच पाहिलात.

सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. मागच्या दारानं त्यांना नेलं जातं. उद्या त्यांचा बावन्नावा वाढदिवस. गिरणगावात भोंगे वाजतात, पण कामगार आत जात नाहीत. सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या बंद पडतात, गोळीबार होतो, माणसं मरतात. त्यांच्यापैकी कुणाच्या कपाळावर हे लिहिलेलं होतं का, ते विचारायला कुणी गेलं नाही.

शेवटची उडी छोटी आहे. ब्रह्मदेश, मंडालेचा तुरुंग, 1910-11 चा हिवाळा. लाकडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी कोठडी, फटींतून वारा. तुम्ही पट्ट्यांच्या बाहेर उभे आहात, कुणाला दिसत नाही. आत मधुमेहानं वाळलेला माणूस पुस्तकांच्या राशीत बसून लिहितो आहे. शाई मिळत नाही. सुटे कागद मिळत नाहीत. बांधीव वह्या मिळतात, पानांवर आकडे घातलेल्या, म्हणजे एखादं पान बाहेर गेलं तर कळावं. लिहायला पेन्सिल.

कार्तिकात सुरू झालेला गीतारहस्याचा खर्डा फाल्गुनाअखेर संपेल. ग्रंथ छापून निघेल 1915 मध्ये, सुटकेच्या पुढच्या वर्षी. आज त्यांच्यापुढे दहावं प्रकरण आहे असं धरू. नाव, कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य. उच्च शक्तींवर हवाला ठेवून कोर्टातून निघालेला माणूस इथे एक अख्खं प्रकरण खर्ची घालतोय ते आत्मा स्वतंत्र कसा, हे दाखवायला. सुटलेला बाण परत घेता येत नाही, त्याचा वेग संपेपर्यंत तो जाणारच, हे प्रारब्ध. वेदान्त्यांचा जुना दाखला. पण भात्यात अजून बाण आहेत. ते सोडायचे की नाही, आणि कुठे, यावर प्रारब्धाची सत्ता पोचत नाही, असा युक्तिवाद वहीच्या पानापानांतून पुढे सरकतो आहे. कुलूप बाहेरून लावलेलं आहे.

तुम्ही खिशात हात घालता. ट्रंकेतली चौघडी अजून आहे, घड्यांवर पिवळी पडलेली, आत कोरी. पट्ट्यांच्या फटीतून ती सहज आत सरकेल, आणि या कागदावर आकडाही नाही. पण आतला माणूस मान वर करत नाही. पेन्सिल बोथट झाली आहे; तो ती बोटांत किंचित फिरवतो, जरा टोकदार कड शोधतो, आणि पुढची ओळ सुरू करतो.